वैशाखातलं क्लोरीन

कूलरच्या ताट्या बदलणारा माणूस परवा आमच्या गल्लीत येऊन गेला. पांढऱ्या पापुद्र्यानं कडक झालेलं जुनं गवत त्यानं अंगणात उपसून टाकलं, नवा वाळा भरला, पाणी सोडलं, आणि तो ओला वास घरभर पसरला. अमरावतीत उन्हाळा असा वासावरून लागतो. या वासानं लोकांना मामाचं गाव आठवतं, डांगराच्या म्हणजे खरबुजाच्या फोडी आठवतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आठवतात. मला दुसराच एक वास आठवतो. ओल्या मातीसारखा सुरू होणारा आणि मग डांबरासारखा घशात बसणारा, भट्टीत तापणाऱ्या तपकिरी कोळशाचा वास. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात तो माझ्या शर्टाला यायचा, स्कूटरच्या सीटला यायचा, सुजाताच्या केसांना यायचा.

सुजाता माझी बायको. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मी भातकुलीच्या तहसील कचेरीत कारकून, रसायनाशी माझा संबंध घरातल्या फिनाइलपुरता. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हा एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मी पीएचडीले नाव घालून राहिली."

"आता? या वयात?"

"आतालोक पोरगी होती, सासू-सासरे होते, तुमी होते."

"मी तं अजून हावोच."

"तुमचं होते आता आपलं आपलं," असं म्हणून तिनं भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. विषय संपला.

तिचे गाईड सर तपकिरी कोळशावर काम करत. हा कोळसा आपल्याकडे नाही. तो राजस्थानाकडून पोत्यांत भरून यायचा. पहिल्यांदा तिनं माझ्या हातावर एक ढेकूळ ठेवलं तेव्हा मला ते शेणाच्या वाळल्या गोवरीसारखं वाटलं. हलकं, ओलसर, बोटांनी दाबलं तर भुगा होणारं. एका बाजूला लाकडाच्या रेषाही दिसत होत्या. नुसता जाळला तर धूर जास्त आणि आच कमी. म्हणून त्याला बंद नळीत तापवून त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. मग कोळसा वाफेशी मिळून गॅस होतो आणि तो गॅस जाळतात. हे तिनं मला राजकमल चौकाच्या सिग्नलवर, स्कूटरच्या मागच्या सीटवरून, माझ्या कानात ओरडून समजावलं होतं.

सरांनी तिच्यापुढे दोन-तीन विषय ठेवले होते. तिनं कोणालाच नको असलेला घेतला. कोळशातल्या क्लोरीनचं वाफेत काय होतं, हा.

"हेच काहून?" मी विचारलं.

"ओळखीचं हाय म्हून."

तिचं माहेर दर्यापूरच्या पुढं, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कपाशी छातीएवढी, पण विहिरीचं पाणी खारट. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला चहा प्यालो तेव्हा मला वाटलं, मेव्हणीनं चेष्टेनं साखरेऐवजी मीठ घातलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी कप संपवला. तिथं डाळ शिजायला अर्धी दुपार लागते. माठाला बाहेरून पांढरं फूल येतं. दाराच्या बिजागऱ्या, कडीकोयंडे, बादल्यांची बुडं, सगळं गंजून जातं. "मिठात अर्ध्याच्या वर तं क्लोरीनच असते," ती म्हणायची. "आमच्या घरचे कोयंडे त्यानंच खाल्ले." तपकिरी कोळसाही युगानुयुगं जमिनीखालच्या अशाच पाण्यात भिजत पडलेला असतो, असं ती सांगायची. त्यात क्लोरीन अगदी थोडं, पण ते गॅसबरोबर निघालं की नळ्या खातं, यंत्र खातं. म्हणून ते कधी निघतं, कोणत्या रूपात निघतं आणि मागं किती राहतं, हे आधी माहीत पाहिजे. "एवढंच माझं काम हाय. कधी जाते, कसं जाते, कुठी जाते."

प्रयोगशाळेत कूलर होता, पण भट्टी सुरू असली की तोही गरम वाराच फेकायचा. बाहेर वैशाख, आत भट्टी. काचेसारखी एक लांब नळी भट्टीतून आरपार गेलेली. तिच्या मधोमध चिमूटभर कोळसा ठेवलेली चिनीमातीची छोटी होडी. एका टोकानं वाफ आत यायची आणि दुसऱ्या टोकानं गॅस बाहेर पडून बर्फात बुडवलेल्या बाटल्यांतल्या पाण्यातून बुडबुडत जायचा. निघालेलं क्लोरीन त्या पाण्यात अडकायचं. बर्फ आणायचं काम माझं. कचेरीतून येताना रस्त्यावरच्या रसवंतीवरून लादी घ्यायचो, गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवायचो, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत माझी पँट गुडघ्यापासून खाली भिजलेली असायची. रसवंतीवाल्याला वाटायचं, आमच्या घरी रोज पाहुणे असतात.

फरहीन तिथंच काम करायची. अकोल्याची पोरगी, वेल्डिंगचं दुकान असलेल्या बापाची. सुजातापेक्षा वयानं निम्मी, पण संशोधनात तिच्या एक वर्ष मागं. तिनं आणि सुजातानं दुपारचा डबा एकत्र खायचा असा नेम होता. मी गेलो की फरहीन म्हणायची, "काका, बघा, आज मॅडमचा ढग आला." म्हणजे बाटलीतल्या पाण्यात सुजातानं सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले की पांढरा गढूळपणा उमटायचा. दह्याच्या निवळीसारखा. जितकं क्लोरीन, तितका दाट. ती बाटली खिडकीत राहिली तर उन्हानं हळूहळू जांभळी पडायची. त्या औषधानं सुजाताच्या बोटांच्या पेरांवर काळे डाग पडलेले असायचे. साबणानं जात नसत. भाकरी थापताना पांढऱ्या पिठात ते डाग उठून दिसायचे.

पहिल्या उन्हाळ्यात तिला कळलं की कोळसा तापताच, वाफ पुरती पोचायच्याही आधी, क्लोरीनचा बराच भाग निघून जातो. मीठ म्हणून नाही. मिठातलं सोडियम कोळसा धरून ठेवतो आणि क्लोरीन कोळशातल्याच हायड्रोजनला घेऊन आम्लाच्या वाफेसारखं बाहेर पडतं. हे कळलं त्या दिवशी तिनं घरी मांडे केले होते. पण हिशेब जुळत नव्हता. कोळशात होतं त्यापेक्षा बाटल्यांत कमी सापडायचं. उरलेलं गेलं कुठं? तिनं उरलेला कोळसा पाण्यात उकळून पाहिला, नळी धुऊन पाहिली. थोडं सापडलं, पण पुरेसं नाही.

त्याच हिवाळ्यात तिचे पाय सुजायला लागले.

आधी आम्ही म्हटलं, उभं राहून होत असेल. मग सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. तिचा भाऊ अकोल्याला राहतो, त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं नाही, तिच्यासमोरच सांगितलं, कारण तिनंच तसं बजावलं होतं. दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. मी विचारलं, हे पाण्यामुळं झालं का? ते म्हणाले, "एका माणसाच्या बाबतीत तसं बोट ठेवून नाही सांगता येत. त्या पट्ट्यातले पेशंट माझ्याकडे येतात, एवढंच सांगतो."

माझी सासू हे ऐकून भिंतीला टेकून बसली. "थेच पानी मी प्याली, थेच इनं प्यालं," ती म्हणाली. "मले काई झालं नाई. इले काहून झालं?" त्या दिवशी तिनं चहाला हात लावला नाही.

मला साखरेचा आजार, म्हणून किडनी द्यायच्या बाबतीत मी पहिल्याच फेरीत बाद झालो. भावाच्या तपासण्या सुरू झाल्या. तोवर डायलिसिस. अकोल्याला जायचं, मशीनवर पडायचं, संध्याकाळी भावाकडे विसावून परत यायचं. आणि अधल्यामधल्या दिवशी ती प्रयोगशाळेत जायची. मी काही बोललो नाही असं नाही.

"काहून करून राहिली तू हे? कोन मांगून राहिलं तुले पीएचडी?"

"कोनी नाई."

"मंग?"

ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. "अकोल्याले गेली की मी पेशंट हावो," ती म्हणाली. "घरी आली की तुमी माह्याकडे असं पायता की मी पेशंटच हावो. तठी गेली की फरहीन मले इचारते, मॅडम, किती आलं? बस, तेवढ्यासाठी जातो."

वऱ्हाडात बाया पुष्कळदा 'जातो', 'करतो' असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला हसू येतं. मला त्या दिवशी हसू आलं नाही. मी स्कूटरची किल्ली घेतली.

अशी ती दुसऱ्या उन्हाळ्यात शिरली. त्या वर्षी ऊन फार होतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. आणि डॉक्टरांनी तिचं पाणी बांधून दिलं होतं. किडनी काम करत नसली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून दिवसभरात पेल्या-दोन पेल्यांच्या वर पाणी नाही. अमरावतीच्या वैशाखात. तिचे ओठ सोलून निघायचे. मी बर्फाची लादी घेऊन यायचो, ती हातोडीनं फोडायची, बाटल्यांभोवती रचायची. एकदा रचता रचता थांबली आणि त्या ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढा बर्फ, अन् मले एक खडा." तो एक खडा तिनं रुमालानं पुसून तोंडात ठेवला आणि विरघळेपर्यंत डोळे मिटून बसली. फरहीननं तोंड फिरवून सिलिंडरचा नॉब उगाच तपासला. त्या दिवसापासून फरहीन आमच्यासमोर पाणी पीत नसे. बाहेर व्हरांड्यात जाऊन प्यायची.

बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरला गाडी थांबली की पाणी विकणारे खिडकीशी ओरडायचे. मी खिडकीची काच लावून घ्यायचो. ती हसायची, "करू द्या त्याईले धंदा." त्याच प्रवासात ती मला हरवलेल्या क्लोरीनबद्दल सांगायची. तिचा अंदाज असा होता: उरलेला भाग मीठ म्हणूनच उडून जात असावा, धुरासारखा बारीक होऊन, आणि बाटल्यांतून न अडकता निसटत असावा. सरांना ते पटत नव्हतं. ते म्हणायचे, कोळशातच नाही ना राहिलं, पुन्हा पाहा. ती चिडायची. "कोयशात असतं तं पान्यात उतरलं असतं. मीठ हाय थे. मी खारपानातली हावो, मले सांगता का? मीठ पान्याले पायलं की राहतच नाई."

डब्यातली माणसं तिच्याकडे बघायची. मी म्हणायचो, हळू बोल. मला आतून बरं वाटायचं, की ही अजून भांडून राहिली.

पण तिच्यानं बसवत नव्हतं. पूर्वी ती भट्टीशी सारी दुपार काढायची. आता थोड्या वेळानं टेबलावर डोकं टेकायची. वाफ सुरू असायची, बाटल्यांत बुडबुडे येत असायचे, पांढरा ढग येऊन गेलेला असायचा आणि पुढच्या बाटलीत काहीच दिसत नसायचं. मग ती म्हणायची, "झालं. आता काई येत नाई. बंद कर, फरहीन." आणि मी तिला धरून जिना उतरवायचो. जिन्यातल्या भिंती हाताला भाजायच्या.

मृगाला अजून अवकाश होता. भावाच्या तपासण्या बहुतेक जुळल्या होत्या, शस्त्रक्रियेची बोलणी सुरू होती. अकोल्याच्या दवाखान्यात सकाळी आम्ही पोचलो, तिनं नर्सला नाव सांगितलं, पलंगावर बसली. नर्सनं तिची बोटं पाहून विचारलं, "हे काळं कशाचं?" सुजाता म्हणाली, "चांदीचं." नर्स हसली. ती सुई आणायला वळली आणि सुजाता एका कुशीवर कलली. हृदय थांबलं होतं. त्यांनी बरंच काही केलं. मी पडद्याच्या बाहेर उभा होतो आणि आतून फक्त चपलांचे आवाज येत होते.

तिला घरी आणलं, अंघोळ घातली. सासूनं तिची बोटं हळदीनं, लिंबानं घासून पाहिली. डाग निघाले नाहीत. "राहू द्या," मी म्हटलं. "तिचे हायेत थे."

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सर आले होते. मागच्या सतरंजीवर बसून राहिले. सगळे जेवून गेल्यावर जवळ आले आणि चाचरत म्हणाले, सुजाताबाईंचं काम अर्धवट राहू नये असं वाटतं, तुमची हरकत नसेल तर फरहीन ते पुढं नेईल. मी हो म्हटलं. त्या वेळी कोणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

नंतरचा एक उन्हाळा कसा गेला ते मला फारसं आठवत नाही. मुलीनं पुण्याला नेलं होतं. तिथलं ऊन मला उन्हासारखं वाटलंच नाही. दुपारी लोक रस्त्यावर फिरत होते. मी तिच्या खोलीच्या खिडकीत बसायचो आणि भातकुलीच्या रस्त्यावरचे बाभळीचे झाडोरे आठवायचो. दुःखाला आपल्या हवामानाची सवय असते की काय कोण जाणे. मी परत आलो.

यंदा, ताट्या बदलल्या त्याच आठवड्यात, फरहीनचा फोन आला. "काका, एकदा लॅबमध्ये येऊन जा ना. फोनवर नाही सांगता येत."

मी शनिवारी गेलो. जिना तोच. भट्टी तीच. बर्फ आता लागत नाही, बाटल्यांभोवती गार पाणी फिरवणारं यंत्र आलं आहे. फरहीननं मला खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली. वाफ सुरूच होती.

"काका, रागावू नका. मॅडमचा अंदाज बरोबर नव्हता."

"कोन्ता?"

"की ते धुरासारखं निसटते. मी चाळणी लावून पाहिली, सगळं पाहिलं. तसं होत नाही. ते कोळशातच बसलेलं होतं. तापताना सुटते, पण बाहेर पडता पडता तोच गरम कोळसा त्याला परत धरते. थोडं कोळशातल्याच चुन्यासोबत, थोडं कोळशासोबत. एकदम घट्ट."

"तिनं तं उकळून पायलं होतं."

"पाण्यानं निघतच नाही ते. मीठ राहिलेलंच नसते ना ते तेव्हा."

मी भट्टीकडे पाहिलं. "मंग कशानं निघते?"

"वाफेनंच निघते. पण हळू. कोळसा संपत येतो, राख दिसायला लागते, तेव्हा सुटते. मध्ये बराच वेळ बाटलीत काहीच येत नाही. वाटते, झालं, संपलं." ती थांबली. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. "मॅडम तिथं बंद करायच्या."

मला टेबलावर टेकलेलं डोकं दिसत होतं. आणि त्याच वेळी, खरं सांगतो, मला घाई झाली होती. घरी जाऊन सुजाताला हे सांगायची घाई. ती आधी चिडली असती. मग म्हणाली असती, किती निघालं, आकडा सांगा. मग उठून फेऱ्या मारल्या असत्या, आणि शेवटी सरांना फोन करून म्हणाली असती, सर, तुमचंच खरं होतं. तिला हरायला आवडत नसे, पण खरं काय ते कळलं की तिचा चेहरा उजळायचा. तो चेहरा या बातमीवर कसा दिसला असता ते मला नेमकं माहीत होतं, आणि ते बघायला आता कुठंच जागा नव्हती.

"थीसिसमध्ये लिहावं लागेल," फरहीन म्हणाली. "आधीचे आकडे अन् माझे आकडे वेगळे का, ते. सर म्हणाले, काकांना विचार."

"काय लिवाचं हाय?"

तिनं मान वर केली नाही. "की आधीच्या प्रयोगांत वेळ कमी पडला."

मी ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. त्यात काहीच खोटं नव्हतं.

"लिव," मी म्हटलं. "तिनं सोताच लिवलं असतं. फक्त तिचं नाव लिवजो तिथं. 'आधीचे' म्हनू नोको."

"लिहिते, काका."

तिनं शेवटच्या बाटलीतलं थोडं पाणी नळीत घेतलं, त्यात थेंब सोडले. आधी काही दिसलं नाही. मग पाण्यात एक फिकट पांढरी रेघ उतरली आणि पसरली. फरहीननं ती नळी माझ्या हातात दिली. ती किंचित कोमट होती.

भट्टीत आता राखच उरली असावी. संध्याकाळ व्हायला आली होती, तिला अकोल्याची गाडी गाठायची होती. तिनं वाफेच्या चावीवर हात ठेवला. "बंद करू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "निघून राहिलं ना अजून."